तीन घड्याळं आणि एक सही

प्रश्न: वय 26, घर रामदासपेठेत, मोठं. आईबाबा नऊदहा वर्षं एकमेकांशी बोलतच नाहीत, निरोप माझ्यामार्फत नाहीतर ड्रायव्हरकाकांमार्फत. बाबा पिऊन आले की ताटं भिरकावणार आणि सकाळी माझ्या टेबलावर गिफ्ट. तीन घड्याळं आहेत माझ्याकडे, कोणतं कोणत्या रात्रीचं ते पाठ आहे मला. मैत्रिणी म्हणतात, "तुले काय कमी आहे, काऊन रडून राहिली?" आता लग्नाआधी दादा हक्कसोडपत्रावर सही मागून राहिला, म्हणतो घरात शांतता राहील. करून टाकू का?

उत्तर: नको, निदान आत्ता तरी नको. तुझं पत्र वाचताना माझं लक्ष त्या "शांतता" शब्दावरच अडकलं बघ, कारण तुमच्याकडे शांतता कायम विकतच आणलीये, आधी घड्याळ देऊन, आता तुझी सही घेऊन. आणि मैत्रिणींचं सोड, एसी खोलीत बसून ताट फुटल्याचा आवाज काही कमी येत नाही.

सहीचं आधी बोलते. प्रॉपर्टी बाबांनी स्वतः कमावलेली असेल तर ते मृत्युपत्र करून कोणालाही देऊ शकतात, तिथे फार वाद नाही. पण वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात मुलीचा हक्क जन्मापासून आणि मुलाइतकाच, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं सोपं नसतं बरं का. त्यामुळे कागद आधी वकिलाला दाखव, आणि वकील तुझा पाहिजे, घरचा नाही! बाबांच्या ओळखीचा नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

सगळा हिस्सा सोडायचा असेल तर खुशाल सोड, तो तुझा प्रश्न, फक्त कोणी ओरडू नये म्हणून सोडू नकोस.

दुसरं म्हणजे पोस्टमनगिरी बंद कर. आई म्हणाली "त्यांना सांग", की म्हणायचं, "आई, ते बाजूच्याच खोलीत आहेत." पहिले दोन आठवडे घर डोक्यावर घेतील, घेऊ दे. फारच जड गेलं तर 14416 ला फोन कर, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

घड्याळांचं विचारलं नाहीस, पण लग्नात त्यातलं एकही घालू नकोस.