राजीनामा तूर्त खिशातच ठेवा

पत्र थोडक्यात: "गडचिरोली जिल्ह्यात तलाठी आहे, नोकरीला 13 वर्षं झाली. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत कामं करतो. एका सिनेमाची पटकथाही तयार आहे, 180 पानांची. राजीनामा टाकून मुंबई गाठावी म्हणतो. बायको म्हणते, येडे झाले का?"

भाऊ, वहिनी रागावल्या असतील, पण हिशेब त्यांचाच बरोबर आहे. तुम्ही 2005 नंतर नोकरीला लागलेले, म्हणजे एनपीएसवाले (राष्ट्रीय पेन्शन योजनेतले). निवृत्तीच्या वयाआधी राजीनाम्याने बाहेर पडलात तर जमा रक्कम अगदी थोडी नसल्यास किमान 80 टक्के वर्षासनात (ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत) अडकते, हातात 20 टक्केच येतात. 20 वर्षांनंतरची स्वेच्छानिवृत्ती तुमच्यापासून अजून सात वर्षं लांब आहे.

मधला रस्ता रजेचा. आधी साठलेली पगारी म्हणजे अर्जित रजा, मग असाधारण रजा. पगार बंद, पण पद शाबूत. ती हक्काची नसते, म्हणून मार्चची वसुली आटोपल्यावर अर्ज द्या आणि कारण खरं लिहा. "आईचं आजारपण" लिहून वडसाच्या नाटकाच्या पोस्टरवर झळकलात, तर तक्रारदार तेच पोस्टर अर्जाला जोडतो. रजेवरही वर्तणूक नियम लागू राहतात. अधूनमधून कलेचं काम चालतं, पण मानधन घेऊन हंगामभर प्रयोग करायचे तर लेखी परवानगी हवी. आजवर ती घेतली नसेल तर आधी तेवढं निस्तरा.

आता पटकथा. एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचा एक मिनिट. 180 पानं म्हणजे तीन तास, कोण वाचणार? 110 वर आणा. झाडीपट्टीच्या सवयीने पात्र जे करतं तेच बोलूनही दाखवत असेल, कात्री तिथेच लावा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय कोणालाही पाठवू नका. आधी एका पानाचा सारांशच द्या. करारात कथा, पटकथा, संवाद ही तिन्ही श्रेयं वेगळी लिहून घ्या. पैसे सही, पहिला खर्डा, अंतिम खर्डा असे तोडून मागा. "शूटिंग सुरू झाल्यावर देऊ" यात लेखक बुडतो, कारण बरेच सिनेमे शूटिंगपर्यंत पोचतच नाहीत.

अभिनयासाठी घरीच ऑडिशन करून बघा. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको. चौकट कंबरेपासून वर. नाव, वय, उंची सांगा, मग दोन तुकडे करा, एक प्रमाण मराठीत आणि एक आपल्या झाडी बोलीत. बोली लपवू नका, मुंबईत ती सहज मिळत नाही. आवाज मात्र निम्म्यावर आणा. शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी कमावलेला गळा कॅमेऱ्यासमोर ओरडल्यासारखा वाटतो. आणि ऑडिशनचे पैसे मागणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवून द्या.

मुंबईत राहायला किमान सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढा, मुलांच्या फीला हात न लावता. तो जमेपर्यंत वहिनींशी रजेच्या तारखा ठरवा, राजीनाम्याच्या नव्हे.