सासूबाईंना आधी गाडीत बसवा

प्रश्न : आमच्या भिशीतल्या चौदा जणींना जुने वाडे बघायचे आहेत. गेल्या वर्षी एका सहलीबरोबर गेलो, तर एका दिवसात सात ठिकाणं! सनावळ्या ऐकल्या, फोटो काढले, आता काही आठवत नाही. यंदा आमचं आम्ही जावं म्हणतो. कुठे जावं, काय बघावं? सासूबाई वाड्यातच वाढल्या, त्यांनाही यायचंय, पण गुडघे दुखतात. न्यावं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी गाडीत बसवा, बाकीच्यांचं मग बघू. चोवीस वर्षं मी लोकांना वाडे दाखवतेय. एकदा पुण्यात कसब्यातल्या एका वाड्याच्या दिंडी दरवाजापाशी मी बोलत होते. घोळक्यातल्या एक आजी पुढे आल्या, चौकटीलगतच्या भिंतीतल्या भोकात त्यांनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. म्हणाल्या, "हा अडसर, दाराला आतून लावायचा आडवा दांडा, त्याची जागा. दिवेलागणीला आजोबा ओढायचे, त्याचा आवाज माजघरात यायचा." त्या दरवाजासमोरून मी शंभरदा गेले असेन, पण तो आवाज मला त्या दिवशी कळला.

सात नकोत, एकच वाडा बघा. तुम्हाला वाईजवळची मेणवली सोयीची. कृष्णेकाठचा नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि तिथेच ती मोठी घंटा, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली.

आत गेल्यावर देवडीत, म्हणजे दरवाजालगतच्या पहारेकऱ्यांच्या जागेत, पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सावलीला सरावू द्या. मग जोत्यापासून, म्हणजे पायाच्या चौथऱ्यापासून, वर बघा. खाली घडीव दगड, त्यावर लाकडी खांब आणि तुळया. भार खांबांवर असतो, म्हणून वाड्याची भिंत ढासळली तरी माडी उभी राहिलेली दिसते. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आपल्याकडे घर खणांत मोजायचे, तुम्हीही ओसरी मोजून बघा. वाड्याच्या मधला उघडा चौक दोनदा बघा, सकाळी आणि दुपारी. उजेड कुठून कुठे सरकतो ते कळलं की माजघर आत का आणि सोपा, म्हणजे बैठकीची पडवी, बाहेर का, हे सांगावं लागत नाही.

आणि कुठल्याही जुन्या भिंतीवर सिमेंटचं ठिगळ दिसलं तर जवळ जाऊन बघा. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडतं, आणि शेजारचा गिलावा फुगून सुटतो. चांगल्या मनाने केलेल्या दुरुस्तीने वाडे असे आतून कुजताना मी पाहिलेत, फार जीव तुटतो.

वाडा खासगी आहे, आधी विचारूनच जा. बंद दार ढकलू नका. दुसऱ्या एका गावी चाळीस जणांच्या सहलीतलं कुणीतरी थेट घरच्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं, तेव्हापासून तो वाडा सगळ्यांनाच बंद झाला. माडीवर सात-सात जणींनी जा. वाड्यांचे जिने अरुंद आणि पायऱ्या उंच, त्यामुळे सासूबाईंना वर नेऊ नका. त्यांना ओसरीवर टेकायला द्या, एकीने शेजारी बसून विचारावं : तुमच्या वाड्यात लोणच्याच्या बरण्या कुठे असायच्या, बाळंतिणीची खोली कुठली, धान्याचं बळद कुठे होतं? मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करा.

डबे घाटावर उघडा, वाड्यात नको.