बापूंची पुण्यतिथी : हार-भाषणांऐवजी काय?

प्रश्न : ताई, आमच्या गावात ३० जानेवारीला शाळेत बापूंच्या फोटोला हार घालतात, दोन भाषणं होतात आणि अकराचं मौन झालं की सगळे पांगतात. यंदा आमच्या बचत गटाने हा दिवस प्रार्थना आणि सेवा करून पाळायचं ठरवलंय. पण प्रार्थना कुठली म्हणायची यावरूनच वाद झाला. सेवा म्हटली की गाडी ग्रामसफाईवर येऊन थांबते. आम्ही नेमकं काय करावं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : अकराचं मौन पाळाच, पण गाव जमवा संध्याकाळी पाचला. १९४८ साली त्या दिवशी सरदार पटेलांशी बोलणं लांबलं, बापूंना उशीर झाला आणि बिर्ला भवनात प्रार्थनेच्या जागेकडे लगबगीने जाताना ५ वाजून १७ मिनिटांनी त्यांना गोळ्या लागल्या. त्या संध्याकाळची त्यांची प्रार्थना राहूनच गेली. त्यांच्यासाठी जमायचं तर मला हीच वेळ खरी वाटते. सतरंजी अंथरा. माइक नको, पाहुणेही नकोत.

आता वादाचं. सेवाग्रामच्या प्रार्थनेत बौद्ध मंत्र आहे, ईशावास्य आहे, एकादश व्रतं आहेत, कुराणातली, पारशी आणि ख्रिस्ती प्रार्थना आहे. हे सगळं पाठ नसेल तर अडून बसू नका. विनोबांच्या गीताईतले स्थितप्रज्ञाचे श्लोक घ्या, दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे १९. मराठीतच असल्याने बाया सहज म्हणतात. गावातल्या एखाद्या मुस्लिम भावाला अल-फातिहा म्हणायची विनंती करा, बौद्ध वस्तीतल्या कुणाला त्रिशरण घ्यायला सांगा, शेवटी रामधून. ज्याची प्रार्थना त्याच्याच तोंडून यावी, म्हणजे ती उसनी वाटत नाही. एखाद्याने हरकत घेतलीच तर भांडू नका, आधी त्याच्या घरी जाऊन बसा. १९४७ साली दिल्लीत कुराणातल्या आयतींना विरोध झाला तेव्हा बापूंनी प्रार्थना थांबवली होती, पण आयती गाळून प्रार्थना उरकली नव्हती.

सेवेबद्दल मात्र मी हट्टाने सांगणार आहे. माझी सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोगाच्या कामात गेली. ३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिनही आहे आणि तो उगाच नाही. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगापासून बापूंच्या ओळखीचे. कुष्ठरोग झाल्यावर ते सेवाग्रामला आले. बापूंनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केलं. लोक ज्याच्या सावलीलाही उभे राहत नव्हते, त्याच्या अंगाला हात लावून. आश्रमात परचुरे कुटी आजही आहे, एकदा गटाला घेऊन बघून या.

म्हणून झाडू नंतर घ्या, आधी आशाताईंना भेटा. या रोगाचा उपचार घेऊन बरी झालेली, पण हातापायाची बधिरता राहिलेली माणसं गावात असतील तर त्या त्यांना खासगीत विचारतील. कुणाचं नाव सभेत घ्यायचं नाही आणि फोटो तर अजिबात नाही. ज्यांची हरकत नसेल त्यांच्या घरी दोघी-दोघी जा. पाय बधिर असला की काटा टोचलेला कळत नाही, चप्पल चावलेली कळत नाही, आणि जखम चिघळते. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय बुडवून ठेवायचे, घट्टा हलक्या हाताने घासायचा, पाणी अंगावर असतानाच खोबरेल चोळायचं, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. जखम दिसली तर आरोग्य केंद्रात न्यायचं. मऊ तळाची एमसीआर चप्पल मिळते का, तेही तिथेच विचारा. पहिल्या दिवशी म्हातारे पाय मागे ओढून घेतात, ‘राहू दे बाई, तुला कशाला’ म्हणतात. घाई करू नका, चहा मागा आणि त्यांच्याच कपातून प्या.

तुमच्या बायांना भीती वाटेल, त्यांना स्पष्ट सांगा : बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि तो सुरू झाला की लागण पसरायची लवकरच थांबते. हात लावल्याने हा रोग होत नाही. कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर त्यांनी तपासून घ्यावं, हे त्या दिवशीच्या ग्रामसभेत सरपंचांना वाचून दाखवायला सांगा. ‘स्पर्श’ मोहिमेत २०१७ पासून ३० जानेवारीला कुष्ठरोगाबद्दल ग्रामसभा घेतात, तेव्हा पंचायत नाही म्हणणार नाही.

पाय रोज बघावे लागतात, वर्षातून एकदा नव्हे. तेव्हा प्रार्थना संपली की सतरंजी गुंडाळायच्या आधी, पुढच्या आठवड्यात कुणाकडे कोण जाणार, त्या जोड्या लावून टाका.