ट्वायलाइट, डस्क, ग्लोमिंग: तिन्हींना संधिप्रकाशच म्हणायचं?

एक मैत्रीण स्कॉटलंडमध्ये घडणाऱ्या एका कथेचं भाषांतर करते आहे. एकाच पानावर तिला ट्वायलाइट, डस्क आणि ग्लोमिंग असे तिन्ही शब्द भेटले. शब्दकोशात पाहिलं तर फिरून फिरून 'संधिप्रकाश'. "तीनदा तेच लिहू का?" असं तिने विचारलं.

लिहू नये. संधिप्रकाश हा शब्द ट्वायलाइटलाच शोभतो. त्यातलं 'ट्वाय' म्हणजे दोन, आपल्या 'द्वि'चा चुलत भाऊ. संस्कृतात 'द' तिथे इंग्रजीत 'ट' हा ठरलेला फरक आहे. दश-टेन, दंत-टूथ पाहा. आता दोन उजेड म्हणजे नेमके कुठले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी 'अर्धामुर्धा उजेड' म्हणतं, कोणी 'दोहोंमधला'. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, पण तो 'संध्या' शब्द कानात बसल्यामुळेही असेल. संध्या म्हणजे जोड, सांधा. तिच्यातूनच प्राकृतात 'संझा' आणि मराठीत 'सांज' आली. आणखी एक साम्य म्हणजे ट्वायलाइट सकाळचाही असतो, जशी प्रातःसंध्याही असते. बोलताना मात्र दोन्हीकडे संध्याकाळच आठवते.

खगोलशास्त्राने तर ट्वायलाइट मोजून ठेवला आहे. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत नागरी, 12 पर्यंत नाविक आणि 18 पर्यंत खगोलीय. मुंबईत यातला पहिला टप्पा जेमतेम 22 ते 25 मिनिटांचा. दिवा लावून येईतो बाहेर काळोख! 21 जूनच्या सुमारास स्कॉटलंडच्या एडिंबरात मात्र मध्यरात्रीही सूर्य 11 अंशांच्या खाली उतरत नाही, त्यामुळे उत्तरेकडचं आकाश रात्रभर पुरतं काळं होतच नाही. तिथल्या माणसाला या वेळेसाठी चार शब्द जास्त लागले तर नवल नाही.

डस्कचं मूळ वेळेत नाहीच, रंगात आहे. जुन्या इंग्रजीत 'डॉक्स' म्हणजे काळपट, गडद केसांचा. पुढे त्यातल्या 'क्स'ची उलटापालट होऊन 'स्क' झालं, आणि वेळ दाखवणारं नाम तर सतराव्या शतकातलं. 'डस्की' या विशेषणात तो सावळेपणा अजून आहे. म्हणून ट्वायलाइटमध्ये लक्ष उरलेल्या उजेडाकडे असतं, डस्कमध्ये चढत्या अंधाराकडे. मैत्रिणीने तिथे 'अंधारून आलं' लिहिलं होतं. ते खोडायला लावलं, कारण मराठी वाचक लगेच छत्री शोधेल. 'अंधार पडू लागला' इतकं साधं पुरे.

याच वेळेचा आणखी एक इंग्रजी शब्द आहे, क्रेपस्क्युलर. हा लॅटिन पाहुणा आता मुख्यतः प्राणिशास्त्रात राहतो; पहाटे आणि सांजेला हिंडणाऱ्या प्राण्यांना लावतात. त्याच्या मुळाशी असलेल्या 'क्रेपर'चा अर्थ मात्र सुरेख आहे: अंधुक आणि अनिश्चितही. आपली कातरवेळ आठवते ना? तिथेही कातर म्हणजे भ्यालेलं, धीर सुटलेलं मन.

राहिलं ग्लोमिंग. जुन्या इंग्रजीत 'ग्लोमुंग' होतं. पुढे इंग्लंडच्या लिखाणातून ते जवळजवळ गेलं, स्कॉट लोकांनी जपलं आणि त्यांच्या कवींमुळे परत आलं. ऐकायला ग्लूमसारखं उदास वाटतं, पण त्याचं नातं 'ग्लो'शी, म्हणजे धगीशी, लालीशी मानतात. 1786 साली छापलेल्या स्कॉट कवी रॉबर्ट बर्न्सच्या दोन कुत्र्यांच्या कवितेत शेवटी हा शब्द येतो: सूर्य दिसेनासा झालाय, ग्लोमिंग रात्र घेऊन आलंय, भुंगा आळसावून गुणगुणतोय आणि वाटेवर गाई हंबरत उभ्या आहेत.

गाई पाहून मैत्रिणीला लगेच 'गोरज' सुचलं. मलाही क्षणभर मोह झाला. पण गोरज म्हटलं की आपल्याकडे मंगलाष्टकं ऐकू येतात, आणि रज म्हणजे धूळ. स्कॉटलंडच्या ओल्या गवतातून घरी येणाऱ्या गाई धूळ कुठून उडवणार? 'दिवेलागण' घराच्या आतली, आणि कथेतली बाई तर माळावर उभी आहे. शेवटी 'सांजावलं होतं' यावर आम्ही थांबलो. त्यात लाली नाही, ही माझी तक्रार अजून आहे.