दुखणे किती आणे?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे. वेदना ० ते १० या पट्टीवर विचारून नोंदवावी, असे आम्हाला शिकवले आहे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या सत्तरीतल्या एक आजी दुखते का असे विचारल्यावर ‘काई नाई वं बाई, बरं हाय’ एवढेच म्हणतात. कुशीवर वळवताना मात्र खाटेचा दांडा घट्ट धरतात. तक्त्यात शून्य लिहावे का?

उत्तर : नुसते शून्य लिहू नये, आणि आपल्या अंदाजाने पाच-सहाही लिहू नये. वेदनेबाबत रुग्णाचा शब्द प्रमाण मानायचा असतो. पण तुम्ही विचारले तेव्हा आजी निपचित पडलेल्या असतील, तर त्यांचे उत्तर त्या क्षणापुरते खरेही असेल. म्हणून पडून असतानाची आणि खोकताना किंवा वळतानाची, अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. दुसरी अधिक मोलाची, कारण टाके दुखतात म्हणून रुग्ण खोकला दाबतो, श्वास अर्धवट घेतो आणि छातीत कफ साचतो. दांडा धरल्याचेही जसे दिसले तसे लिहावे.

आकडा जमत नसेल, तर तो लादू नये. ‘नाही, थोडे, मध्यम, फार’ ही शब्दांची पट्टीही मान्य आहे. पिकाची आणेवारी (रुपयात किती आणे पीक आले, हा अंदाज) ऐकत आयुष्य गेलेल्या आजींना ‘काल रुपयाभर दुखत होतं, तर आज किती आणे?’ असे विचारून पाहायला हरकत नाही. ही काही प्रमाणित मापपट्टी नव्हे, त्यामुळे आण्यांचे दहात रूपांतर करू नये. उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपावे. ठणका, कळ, आग की चमक, हेही विचारावे. सुनेला किंवा मुलाला मध्येच उत्तर देऊ देऊ नये. सुईच्या धास्तीने किंवा घरच्यांना त्रास नको म्हणून दुखणे लपवणाऱ्या बायका आपल्याकडे थोड्या नाहीत.

औषध दिल्यावर पुन्हा विचारणे बहुतेक ठिकाणी राहून जाते. शिरेतून दिले असेल तर १५ ते ३० मिनिटांनी, गोळी दिली असेल तर तासाभराने विचारावे. मॉर्फिनसारखे औषध असेल, तर गुंगी आणि श्वासाची गतीही पाहावी. खोकताना टाक्यांवर घडी घातलेली चादर धरायला शिकवले, तरी बराच आराम पडतो. मात्र रोज उतरत जाणारे दुखणे एकाएकी वाढले, पोट फुगले किंवा ताप चढला, तर पुढच्या गोळीची वेळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे.