रिपोर्टात दूध ‘पॉझिटिव्ह’ आलं, आता?

रक्ततपासणीत दुधाची ॲलर्जी निघाली, आता दूध कायमचं बंद का? हा प्रश्न आया मला सतत विचारतात.

अशीच एक आई अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याच्या कोपराच्या लवणीत एक्झिमाचे, म्हणजे इसबाचे चट्टे होते. कुणीतरी सुचवलं म्हणून तपासणी केली आणि रिपोर्टात दुधापुढे आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) 0.9 आलं, ठळक अक्षरांत. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, पनीर सगळं बंद! काही महिन्यांनी चट्टे जिथल्या तिथे होते, वजन मात्र वाढायचं थांबलं होतं.

मी विचारलं, “तपासणीआधी काय खायचा?”

“रोज दहीभात. रात्री कपभर दूध.”

“त्यानंतर तास-दोन तासांत गांधी उठल्या? ओठ सुजले? उलटी?”

“नाही हो ताई, कधीच नाही.”

खरं उत्तर इथेच होतं. आयजीई 0.35 च्या वर गेलं की रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. त्याचा अर्थ दुधातल्या प्रथिनांविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं आहेत, इतकाच. एक्झिमाच्या मुलांत हे बऱ्याचदा दिसतं. उलट, दुधामुळे शीतून रक्त जाणाऱ्या तान्ह्या बाळांत ही तपासणी बहुधा निगेटिव्ह येते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचा तर तिच्याशी संबंधच नाही. आणि आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या महागड्या तपासण्यांवर कृपा करून पैसे घालवू नका. मूल तो पदार्थ खातं, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

“मग आजच दहीभात देते,” ती म्हणाली. मी तिला थांबवलं. रक्तात आयजीई असलेल्या मुलाचं दूध बरेच महिने तोडलं, तर पुन्हा देताना कधीकधी खरोखरची तीव्र रिॲक्शन येते. सासूबाईंनी सुचवलेलं शेळीचं दूधही नको, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. आधी ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवायला आणि तोवर कॅल्शियमसाठी नाचणी सुरू ठेवायला सांगितलं.

ॲलर्जीतज्ज्ञांनी रुग्णालयात, औषधं हाताशी ठेवून, थेंबापासून सुरुवात करत थोड्या-थोड्या वेळाने दूध वाढवत दिलं. पूर्ण मात्रेनंतरही काही तास नजरेखाली ठेवलं. काहीही झालं नाही. आता तो रोज दहीभात खातो. चट्ट्यांना आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या मलमाने चांगला उतार पडलाय.