फुटण्याची वाट पाहू नकोस

प्रिय मुली,

दिवस राहावेत म्हणून अंडं किती वाढलं ते बघायला केलेल्या सोनोग्राफीचे तुझे तिन्ही रिपोर्ट पाहिले. सोमवारी घोडबंदर रोडच्या सेंटरवर उजव्या अंडाशयातलं फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी, १९ मिमी, मंगळवारी ऐरोलीला ऑफिसजवळ १७. "फॉलिकल आकसलं का?" म्हणून रात्रभर जागलीस. आकसलं नाही गं. मशीन बदललं, मोजणारा हात बदलला. फॉलिकल काही अगदी गोल नसतं; एक जण सगळ्यात लांब व्यास लिहितो, दुसरा दोन व्यासांची सरासरी काढतो. दीड-दोन मिमी तिथेच इकडेतिकडे होतात. एका पाळीतले सगळे स्कॅन एकाच ठिकाणी कर. मानपाड्याच्या ट्रॅफिकचा कंटाळा असेल तर सगळे ऐरोलीला कर, पण एकाच ठिकाणी.

मला चीड आली ती पुढच्या वाक्याची. "अंडं फुटल्याचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही थांबतो." कशासाठी? फुटायच्या आधी, मुली, आधी! बाहेर पडलेलं बीज १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू मात्र त्या दिवसांतल्या पातळ, ताणल्या जाणाऱ्या स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. वाट बघायची ती त्यांनी. रिपोर्टवर 'रप्चर्ड' येतं तेव्हा ते चार तासांपूर्वी फुटलं की वीस, हे स्क्रीनवर कळत नाही. फॉलिकल चिमलेलं असतं, गर्भाशयामागे थोडं पाणी दिसतं, एवढंच. आणि 'साठवून' ठेवल्याने बळ वाढतं हेही डोक्यातून काढ. फार दिवस थांबलं की शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते.

आता पुढच्या पाळीचं. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस, नुसता डाग पडला तो नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिला स्कॅन: जुनी गाठ राहिलेली नाही ना, गर्भाशयाचं अस्तर पातळ झालंय ना, हे बघायला. रक्तस्राव चालू असला तरी चालतं, संकोच नको. योनिमार्गातून सोनोग्राफी असते, तेव्हा लघवी करून जा. बाहेर बसलेल्या बायका लिटरभर पाणी पितात म्हणून तूही बाटली तोंडाला लावू नकोस. ते पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीसाठी.

मग दहाव्या दिवसापासून एक दिवस आड. बाकीच्यांच्या पुढे निघालेलं फॉलिकल रोज साधारण दीड ते दोन मिमी वाढतं आणि बहुतेकदा १८ ते २४ च्या दरम्यान फुटतं. त्यामुळे १४ मिमी दिसलं की तिथूनच एक दिवस आड संबंध ठेवा. २० ची वाट नको, फुटायच्या आधी. अस्तराचा आकडाही वाच: सात-आठ मिमी आणि स्कॅनमध्ये त्याच्या तीन रेघा स्पष्ट असतील तर छान. क्लोमिफिनने, म्हणजे बीज वाढवायच्या गोळीने, काहींचं अस्तर पातळ राहतं. तसं वाटलं तर डॉक्टरांशी बोल, गोळी आपल्या मनाने बदलू नकोस.

फॉलिकल फुटावं म्हणून देतात ते ट्रिगर इंजेक्शन दिलं तर फुटायला साधारण ३६ तास. रात्री दहाला घेतलंस तर परवा सकाळी दहाच्या सुमारास. म्हणजे त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री. याच दिवसांत पोट दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नकोस, त्याने फॉलिकल न फुटण्याची शक्यता असते. पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचार. इंजेक्शननंतर दोन आठवडे घरी प्रेग्नन्सी टेस्टही नको. इंजेक्शनमधलं एचसीजीच, म्हणजे टेस्ट जे शोधते ते गरोदरपणाचं संप्रेरक, दोन रेघा दाखवतं, आणि मग उगाच पेढे.

तुझी पाळी ३५ दिवसांची आहे ना? मग बीज बाहेर पडलं का ते सांगणारी एकविसाव्या दिवसाची प्रोजेस्टेरॉन तपासणी तुझ्या कामाची नाही. पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे अठ्ठाविसाव्याच्या आसपास. पहिला आठवडा उलटला तरी काही हलत नाही म्हणून दहाव्या दिवशी घाबरूही नकोस. तुझं फॉलिकल उशिराच निघणार.

आणि एवढे रिपोर्ट पाठवलेस, त्यात तुझ्या नवऱ्याची वीर्यतपासणी कुठेच नाही. तू महिन्यात पाच वेळा टेबलावर झोपायचं आणि त्याने एकदाही डबी भरून द्यायची नाही, हे कुठलं गणित? दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा असतो. याच आठवड्यात पाठव त्याला. त्याला काही पाळीचा दिवस मोजत बसायला लागत नाही.